गादीच्या पोटातला वास

"शी!" हा आत्याचा सकाळी दुकान उघडतानाचा पहिला शब्द आणि संध्याकाळी बंद करतानाचा शेवटचा. धक्क्याला लागून तिच्या भावाचं बोटींच्या गाद्या दुरुस्त करायचं दुकान होतं. भाऊ गेल्यावर ते आत्या आणि भाची दोघीच चालवत. कामच असं, की जेवण गोड लागू नये. लोक बोटीवर मजा करतात आणि ती मजा गाद्यांवर ठेवून जातात. उन्हाचं क्रीम थापलेल्या पाठी घासून रेक्झिनवर चिकट राप चढतो. कडेच्या गोटाच्या शिवणीत माशांचे खवले आणि केस अडकतात. एखाद्याला बोट लागली असेल, तर त्याच्या पोटातलं सगळं कुठल्यातरी खाचेत वाळून बसतं. "यांना माणसं म्हणायचं का जनावरं!" असं करवादत आत्या कोमट साबणाच्या पाण्याने, मऊ ब्रशने एकेक शिवण साफ करायची. ब्लीचची बाटली मात्र दुकानात येऊ द्यायची नाही, कारण ब्लीचने दोरा मरतो.

पण बाहेरची घाण ही घाणच नव्हे, असं तिचं म्हणणं. खरी घाण आतल्या फोममध्ये. तो उन्हात ठेवला की वरून खडखडीत वाळतो आणि पोटात खारं पाणी धरून कुजत राहतो. म्हणून आत्या चेन उघडून फोम बाहेर काढायची, कोपऱ्यात सुरीने खोल चीर द्यायची आणि त्या चिरेत चक्क नाक खुपसायची. "शी!" आली की फोम कचऱ्यात. "ठेव" म्हणाली, तरच त्यावर नवं कव्हर. बोटवाले तिच्या पाठीमागे म्हणायचे, बाई नाकाने कांदे सोलते. पण गाद्या तिच्याकडेच आणायचे.

गेल्या थंडीत आत्या तापाने झोपून राहिली आणि उठली ती नाक घालवून. चुलीपाशी बसून भाजी निवडत होती आणि शेजारी दूध करपून भांडं काळंठिक्कर पडलं, तरी हिला पत्ता नाही. भाची बाहेरून धावत आली.

"आत्या, अगं वास नाही का आला?"

"विचारात होते गं," आत्या म्हणाली आणि भांडं घासायला घेतलं.

तिने कोणाला काही सांगितलं नाही. नाकच गेलं तर दुकानात आपलं काम काय उरलं? केर काढायचा? पोरीच्या जिवावर बसून खायचं? नुसत्या कल्पनेनेच तिला स्वतःची शिसारी यायची. मग तिने डोळ्यांवर आणि बोटांवर भागवायला सुरुवात केली. फोम काळा, बुळबुळीत दिसला की जोरात "शी!" कोरडा, पिवळा दिसला की "ठेव". नाक मात्र पूर्वीसारखंच खुपसायची, अगदी डोळे मिटून. काय ते नाटक!

अशातच एका पांढऱ्या बोटीच्या मालकाच्या गाद्या आल्या. त्याने त्या उन्हात चांगल्या तापवून आणल्या होत्या. आत्याने चीर दिली, हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाली, "ठेव."

भाचीचा हात थबकला. "नक्की ना, आत्या?"

"माझ्या नाकावर शंका? कालची पोर तू!"

भाचीने नवं पांढरंशुभ्र कव्हर शिवून चढवलं.

थोड्याच आठवड्यांत मालक तणतणत दुकानात शिरला आणि त्याने गादी टेबलावर आपटली. नव्या कव्हरवर मधोमध गुलाबी डाग उमटला होता, खरजेसारखा पसरलेला. त्याने तो घासून घासून रेक्झिनची चमक घालवली होती. आत्याने तो बघताच ओळखला. हा डाग वरून पडत नाही. आत कुजलेल्या फोमवर बुरशी माजते आणि तिचा रंग रेक्झिनमधून वर येतो. तो कशानेही निघत नाही.

"पाहुणे नाकाला रुमाल लावून उठले माझ्या बोटीवरून!" मालक ओरडला. "आत्याबाई, तुमचं नाक असताना हे झालंच कसं?"

तेवढ्यात भाची पुढे आली.

"माझी चूक झाली, काका. फोम बघायचा राहिला माझ्याकडून."

"मग हिच्या हातात पुन्हा माझं काम देऊ नका," मालक म्हणाला.

आणि आत्या काय म्हणाली? "हल्लीच्या पोरींचं लक्षच नसतं हो कामात." हे तिच्या तोंडून बाहेर पडलं, अगदी सहज. भाचीने मान खाली घातली.

काहीतरी करायला हवं म्हणून आत्याने घाईघाईने चेन ओढली, फोम उपसला आणि सुरी खुपसून तो फाकवला. आतून काळपट राडा टेबलावर ओघळला. मालक "अरे देवा!" म्हणत मागे सरला आणि दाराबाहेर जाऊन ओकला. भाचीने पदरात तोंड खुपसलं, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आत्या मात्र त्या राड्यावर वाकून, नाक अगदी त्याला लावून, शांतपणे बघत उभी होती.

मान वर केली तेव्हा दारातून मालक तिच्याकडे टक लावून पाहत होता. "शी!" आत्या म्हणाली. पण फार उशीर झाला होता, आणि ती शी तिची तिलाच इतकी खोटी वाटली की त्या राड्यापेक्षा तिला स्वतःच्या त्या शब्दाची किळस जास्त आली.

"पोरीचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "हिने विचारलं होतं मला. माझं नाक मेलंय थंडीपासून. 'ठेव' मी म्हणाले, आणि आत्ता खोटंही मीच बोलले. गाद्या सगळ्या नव्याने करून देते."

मालक गादी तिथेच टाकून निघून गेला. भाची राडा पुसायला लागली.

"तुला माहीत होतं?" आत्याने विचारलं.

"दूध करपलं तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस, भवाने?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते." भाचीने फडकं पिळलं. "ते 'हल्लीच्या पोरी' तेवढं म्हणाली नसतीस, तरी चाललं असतं."

आत्याने पुढची गादी ओढली, फोम काढला, कोपऱ्यात चीर दिली आणि तो भाचीपुढे धरला. भाचीने नाक आत खुपसलं. आत्या फोमकडे नाही, पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली. ते हळूहळू वाकडं झालं.

"शी!" आत्या म्हणाली आणि फोम कचऱ्यात फेकला.