मागं वळून न बघण्याचा नियम

बायको सकाळी साडेआठला करमाडच्या बँकेत नोकरीला निघते. तेव्हापासून संध्याकाळी साडेसहापर्यंत घर, मुलगी आणि मुलगा माझ्या ताब्यात. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चारचा. शाळा चालू असली की निभून जातं. मे महिन्यात मात्र दिवस संपता संपत नाही. आमच्या शहरात त्या महिन्यात अकरानंतर दाराची कडीसुद्धा हाताला चटका देते.

मी घरात बसणारा माणूस नाही, हे आधीच सांगतो. कन्नडच्या आठवडी बाजारात जमिनीवर पोतं अंथरून टॉवेल आणि चादरी विकत मी धंदा शिकलो. त्यातून गुलमंडीच्या बाजारात कापडाचं दुकान उभं केलं. माझा मोठा भाऊ दुकानात नंतर आला. तो वयानं मोठा म्हणून पाटीवर नाव त्याचं लागलं, तेव्हाही मी काही बोललो नाही. पण दोन वर्षांपूर्वी लग्नाच्या बस्त्याला एक मोठं कुटुंब आलं होतं. मी त्यांना भाव सांगितला आणि भाऊ गादीवरूनच म्हणाला, "त्याचं सोडा हो. मी सांगतो तो भाव."

गिऱ्हाइकासमोर. माझा भाव. ज्यानं हा धंदा केला नाही त्याला यात एवढं काय, असं वाटेल. मला अजूनही ते आठवलं की कानशिलं गरम होतात. मी हातातलं कापडाचं थान खाली ठेवलं, चपला घातल्या, "मग तूच कर धंदा" म्हणालो आणि निघालो.

आता खरं लिहायचं तर मी कायमचा निघालो नव्हतो. भाव पटला नाही की गिऱ्हाईक निघतं तसा निघालो होतो. चार पावलं गेलं की मागून हाक येते, हे मला पाठ होतं. मी चौकापर्यंत गेलो. हाक आली नाही. तिथून परत फिरणं माझ्यानं झालं नाही. महिन्याभरात आम्ही राहतं घरही वेगळं केलं. बायको म्हणाली, "नोकरी माझी चालू आहे. तुमचा राग उतरेपर्यंत पोरं तुम्ही सांभाळा." राग उतरला नाही, आणि पोरं सांभाळायची मला सवय लागली.

उन्हाळ्यातला आमचा दिवस ठरलेला. साडेपाचला उठायचं. नळाला पाणी यायचा वार असेल तर टाकी, बादल्या, पातेली, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं, कारण पुढचा वार कधी येईल ते नळालाच माहीत. मग गार वारा आहे तोवर पोरांना बाहेर न्यायचं. कधी विद्यापीठामागच्या लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या, कधी हिमायत बागेत आंब्याखाली पडलेल्या कैऱ्या शोधायच्या. मुलगा पायऱ्या चढताना मोजायचा. त्याला वीसपर्यंतच येत असल्यामुळे आम्ही कितीही चढलो तरी वीसच पायऱ्या व्हायच्या. नऊला घरी. मग आंघोळी, पोळी-भाजी, कुलरमध्ये पाणी कोण ओतणार यावरून भांडण, आणि ज्याला ओतायला मिळालं त्यानं अर्धं पाणी फरशीवर सांडणं. अकरा ते पाच पडदे ओढून आत. मोबाइल मी लपवायचो, पोरं शोधायची. दुपारी तीनला पोरांना कंटाळा येतो तसा कंटाळा मी गिऱ्हाईक नसलेल्या दिवशीही कधी पाहिला नव्हता.

आणि मंगळवारी संध्याकाळी गुलमंडी.

ही मागणी मुलीची. पहिल्यांदा तिनं म्हटलं, "पप्पा, गुलमंडीला जाऊ ना," तेव्हा मला बरंच वाटलं. बाकीची पोरं बागेत न्या, आइस्क्रीम द्या म्हणतात. माझी पोरगी बाजारात न्या म्हणते. रक्तात असतं ते, असं मी बायकोला ऐकवलं. बायको पोळ्या लाटत राहिली.

मी पोरीला सगळं शिकवलं होतं. वस्तू आवडली तर तोंडावर दिसू द्यायची नाही, कारण दुकानदार वस्तू दाखवतो तेव्हा तो वस्तूकडं बघत नाही, आपल्या तोंडाकडं बघतो. आवडली तर माझा सदरा मागून दोनदा ओढायचा, बस्स. मग मी भाव पाडायचो. नाही जमलं तर "चला" म्हणायचं आणि तिघांनी निघायचं. एकदा निघालं की मागं वळून बघायचं नाही. जो वळतो तो हरतो. मुलगा लहान म्हणून त्याचा हात मी धरायचो. कोणत्या बाजूला निघायचं, हे ठरवायचं काम मुलीला दिलं होतं, तिलाही आपण धंद्यात आहोत असं वाटावं म्हणून.

तिचा चेहरा बघायला पाहिजे होता. आठ वर्षांची पोर, पण दगडासारखी उभी राहायची. एकदा एका दुकानदारानं तिला विचारलं, "बेटा, हा गुलाबी चांगला का निळा?" ही म्हणाली, "दोन्ही जरा फिकेच आहेत." दुकानदारानं मला हात जोडले.

माझ्या भावाचं दुकान मात्र मी टाळायचो. ते एका आतल्या गल्लीत आहे, गल्लीच्या तोंडापासून तिसरं. त्या गल्लीत मी दोन वर्षांत पाय ठेवला नव्हता. तोंडावरून जावं लागलं तर नाक समोर ठेवून जायचो.

त्या मंगळवारी मुलाला चप्पल घ्यायची होती. चपलांचं दुकान मुख्य रस्त्यावर. दुकानदार म्हातारा, मला पंधरा वर्षं ओळखणारा, त्यामुळं त्याच्याशी घासाघीस करण्यात मजा असते. त्यानं निळ्या पट्ट्याची चप्पल काढली. मुलानं ती पायात घातली आणि उड्याच मारायला लागला. त्याला नियम अजून लागू नव्हते.

"देखो, बच्चे को पसंद है," म्हातारा म्हणाला.

"त्याला काहीही आवडतं चाचा. काल त्याला गाढव आवडलं होतं. भाव बोला."

"आपसे क्या भाव बोलना? आप तो अपने आदमी. ढाई सौ दे दो."

"आपल्या आदमीला अडीचशे?"

"सोल देखो, सोल! दो साल चलेगी."

"त्याचा पाय सहा महिन्यांत वाढतो. दोन वर्षं ती चप्पल मी घालू का?"

म्हातारा हसला, पण दोनशेच्या खाली येईना. मी दीडशेवर. मग मी मुलाच्या पायातली चप्पल काढून ठेवली आणि म्हणालो, "चला."

मुलगी डावीकडं वळली. आम्ही निघालो. मी अशा वेळी कसा चालतो ते सांगतो. डोळे समोर असतात, पण सगळं लक्ष पाठीत असतं. खुर्ची सरकली का, घसा खाकरला का, "अरे सुनो" आलं का. दहा पावलं झाली. पंधरा झाली. आता येतेय हाक, हे मला पाठीला कळत होतं. आणि माझी पोरगी थांबली.

नुसती थांबली नाही. चक्क वळून बघायला लागली.

मागून लगेच म्हाताऱ्याचा आवाज आला, "आ जाओ, आ जाओ! दो सौ में ले लो!" जिंकल्याचा आवाज होता तो. माझं डोकं सटकलं. भर रस्त्यात मी पोरीवर ओरडलो, "काय सांगितलंय मी? वळायचं नाही! आला असता तो दीडशेवर, एका पावलाचा प्रश्न होता!"

ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती म्हाताऱ्याकडंही बघत नव्हती. आम्ही त्या गल्लीच्या तोंडावर उभे होतो आणि ती आत बघत होती, भावाच्या दुकानाकडं.

मुलगा म्हणाला, "पप्पा, आज दीदीची ती नाहीये."

"कोण ती?"

"ती. गादीवर बसते ती. दीदी वेणी ओढते, मग ती पण वेणी ओढते. मी कुणाला सांगायचं नाही."

भावाची मुलगी माझ्या मुलीपेक्षा दोन महिन्यांनी मोठी. दोघी एकाच घरात रांगल्या, एका ताटात जेवल्या. आम्ही वेगळे झालो तेव्हा सहा-सहा वर्षांच्या होत्या. मी काय म्हणालो होतो? काहीच नाही. मी फक्त त्या घराचं नाव काढणं बंद केलं होतं. पोरीनंही कधी नाव काढलं नाही. मला वाटलं, लहान आहे, विसरली.

आणि आता माझ्या लक्षात आलं की आम्ही दर मंगळवारी याच रस्त्यावर काही ना काही घ्यायचो. छत्री, टिकल्या, पाण्याची बाटली. आणि निघायचं झालं की ही दर वेळी या गल्लीच्या बाजूलाच वळायची. मी मागं कान देऊन चालत असताना ही शेजारून डोळ्याच्या कोपऱ्यातून आत बघून घ्यायची. माझ्याच पोरीनं मला किती आठवडे बाजारात फिरवलं होतं, आणि मी म्हणत होतो रक्तात असतं ते.

"मला सांगायचं नाही का?" मी म्हणालो. आवाज अजून चढलेलाच होता. "फसवत होतीस तू मला?"

"तुम्हीच म्हणता, आवडलेलं तोंडावर दिसू द्यायचं नाही." तिचा चेहरा अजूनही दगडच होता. "दाखवलं तर तुम्ही 'चला' म्हणाला असता."

मी म्हटलंच असतं.

बाजूनं हातगाडीवाला "साइड, साइड" करत गेला. तिनं पुन्हा आत बघितलं आणि बारीक आवाजात विचारलं, "ती आजारी असेल का? ती मंगळवारी नेहमी असते."

हे विचारायला एकच माणूस होता आणि तो तिसऱ्या दुकानात गादीवर बसून मला बघत होता. आमचं ओरडणं त्यानं ऐकलं असणारच. तो उठला नाही. उठणार नाही हे मला माहीत होतं. आम्ही दोघं एकाच घरात भाव करायला शिकलो आहोत.

मी पोरीला म्हणू शकलो असतो, घरी चल. ती आली असती. तोंडावर काहीही न दाखवता आली असती, रात्री जेवली असती, आणि पुढच्या मंगळवारी कदाचित गुलमंडीला जाऊ म्हणाली नसती. मला भीती वाटली ती याची. दहावी-बारावीपर्यंत ही पोर माझ्यासमोर असंच तोंड घेऊन वावरेल, आणि तिला काय पाहिजे ते मला कधीच कळणार नाही.

मी गल्लीत शिरलो. दुकानासमोर उभा राहिलो. पायरी चढलो नाही.

"पोरगी कुठंय?" मी विचारलं.

"कोणाची?" भाऊ म्हणाला.

"तुझी. माझी तर ही उभीये."

"आत. थानांवर झोपलीये. लाइट गेली होती दुपारी, उकाड्यानं झोपली नाही, आता डोळा लागला." मग त्यानं माझ्या मुलीकडं बघितलं. "जा की. उठव तिला. नाहीतर मंगळवार चुकला म्हणून मला रात्रभर छळंल."

माझी पोरगी माझ्याकडं बघत उभी. मी मान हलवली. ती पायऱ्या चढून आत गेली आणि आतून एक किंचाळी आली, मग दोन, मग नुसतं खिदळणं. मुलगाही तिच्या मागं घुसला.

"तुला माहीत होतं?" मी भावाला विचारलं.

"दर मंगळवारी पाचला वेणी घालून गादीवर येऊन बसते. आंधळा आहे का मी?"

"मग बोलला का नाहीस?"

"मी काय बोलू? निघून तू गेलास." मग तो म्हणाला, "दोन वर्षं लागली व्हय तुला हाक मारायला?"

"मी हाक मारलेली नाही. पोरीचं विचारलं."

"व्हय, व्हय. तेच ते."

पाणी घेतो का म्हणाला. मी नको म्हणालो. पण पोरींचं काही ठरवणं भाग होतं, म्हणून ते तिथंच ठरवलं. तो म्हणाला, सुट्टीभर रोज तुझी पाठव आमच्याकडं. मी म्हणालो, आठवड्यातून एकदा, तीही तुझी आमच्याकडं. तो म्हणाला, पाच दिवस. मी म्हणालो, दोन. शेजारचा दुकानदार भांडण लागलं समजून मध्ये पडायला आला, तेव्हा आम्ही दोघंही त्याच्यावर ओरडलो. शेवटी चारवर जमलं, दोन दिवस इकडं, दोन तिकडं. चप्पल दोनशेलाच घ्यावी लागली.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चार चांगले झाले. मला वाटलं तुम्ही एकावर अडाल." म्हणजे पोरींच्या मंगळवारचं तिलाही माहीत होतं.

भावाबद्दलचं माझं म्हणणं आजही तसंच आहे. त्यानं गिऱ्हाइकासमोर माझा भाव तोडला, ही चूक त्यानं अजून मान्य केलेली नाही. पण गुरुवारी त्याची मुलगी आमच्याकडं आली. तिघांनी मिळून दुपारभर घर डोक्यावर घेतलं, आणि माझी मुलगी दर पाच मिनिटांनी "मला हे पाहिजे, मला ते नको" म्हणत स्वयंपाकघरात येत होती. कटकट वाटली, पण मी ऐकून घेतली. संध्याकाळी आमरसाचे हात घेऊन भावाची पोर माझ्यासमोर उभी राहिली. "छोटे पप्पा, तुम्ही दुकानात कधी येणार?" तिनं सरळ विचारलं. तिला कुणी काही शिकवलेलं दिसत नव्हतं.

मी म्हणालो, "आधी हात धुऊन ये."

ती हात धुऊन आली, आणि पुन्हा तेच विचारलं.