आवाज तेवढा राहू दे, मणी

तंजावरच्या राजवाड्याच्या मागच्या गल्लीत विजयलक्ष्मी टीचर वीणा शिकवतात. त्यांच्याकडची मुलं तालात चुकत नाहीत, असं पार पापनाशम गावापर्यंत बोललं जातं. तिथूनही मुलं बसने येतात. टीचरांना स्पर्धा आवडत नाहीत, त्यामुळे मुलं कुठल्या मंचावर फारशी जात नाहीत. पण दुपारी गल्लीतून जाणारा माणूस ओट्यापाशी घटकाभर थांबतो आणि आतून येणारी ती एकसारखी लय ऐकून मान डोलावतो. "घड्याळ लावून घ्यावं हिच्या क्लासवर," असं लोक म्हणत. टीचर ते ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि मनात जपून ठेवत.

आता खरी गोष्ट सांगायची तर त्या हॉलमध्ये एक जुना पंखा होता. जड पात्यांचा, थोडा डोलणारा. प्रत्येक फेऱ्याला तो "कट्" असा आवाज करायचा. सरळी वरिसै म्हणजे अगदी पहिले धडे गिरवणारी मुलं बसली की टीचर रेग्युलेटर दोनवर ठेवत. गीतम्, म्हणजे पहिली सोपी गाणी, सुरू झाली की तीनवर. पुढच्या अवघड वर्णमापर्यंत पोचलेल्या मोठ्यांना चार. असं कधी सुरू झालं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हात आपोआप बटणाकडे जायचा. उन्हाळ्यात लहान मुलं घामाने निथळत सरळी वरिसै वाजवत आणि मोठ्यांकडे हेव्याने बघत. वर्णम् म्हणजे गार वारा, हे त्यांना आधी कळायचं. संगीतात वर्णम् म्हणजे काय, ते मागाहून.

टीचरांचे यजमान गणेशकुमार विमा कंपनीतून निवृत्त झालेले. कुठलीही वस्तू घेण्याआधी तिचा अभ्यास करणं हा त्यांचा छंद. मिक्सरचा अभ्यास त्यांनी इतका मन लावून केला की तो पुरा होईपर्यंत ते मॉडेलच बाजारातून गेलं. पंख्यावर त्यांचा फार दिवसांपासून डोळा होता.

कत्तिरी, म्हणजे आमच्याकडचे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक दिवस, सुरू झाली आणि एका दुपारी पंख्याने भर वर्णमात मान टाकली. आधी करपल्याचा वास आला, मग कट्-कट् मंदावत गेलं आणि थांबलं. पापनाशमहून येणारी अखिला तेव्हा वाजवत होती. टीचरांची सगळ्यात चांगली शिष्या. ती न थांबता वाजवत राहिली आणि बघता बघता तिची बोटं उतारावरच्या सायकलसारखी सुटली. शेवटची ओळ तिने इतक्या वेगाने गाठली की संपल्यावर तीच दचकली.

"काय गं हे?" टीचर म्हणाल्या.

"टीचर, पंखा..." अखिला एवढंच बोलली.

आतल्या खोलीतून गणेशकुमार जवळजवळ धावतच आले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"गेला ना? अखेर गेला! विजी, आता नवा घेऊ. रिमोटवाला. वीज कमी खातो आणि आवाज तर मुळीच नाही. कानाला पत्ता लागत नाही बघ!"

"नको," टीचर म्हणाल्या. "हाच दुरुस्त करू."

"का पण?"

"याचा वारा चांगला आहे."

गणेशकुमारांनी फोन उघडून कुठला पंखा किती वारा फेकतो ते दाखवलं. टीचर म्हणाल्या, नव्या पंख्यांची पाती कागदासारखी असतात. यजमानांनी पात्यांची जाडी दाखवली. टीचर म्हणाल्या, रिमोट हरवतो. ते म्हणाले, भिंतीवर बटणही असतं. मग टीचर म्हणाल्या, रंग आवडत नाही. कुठला रंग, असं विचारल्यावर म्हणाल्या, "अस्केच." आमच्या तंजावरी मराठीत अस्के म्हणजे सगळे. याच्यापुढे अभ्यासाचं काही चालण्यासारखं नव्हतं. गणेशकुमार फोन मिटून उठले.

ते देवळात गेल्याचं पाहून टीचरांनी मणीला बोलावलं. मणी गल्लीच्या तोंडाशी पंखे आणि मोटरी दुरुस्त करतो. स्टुलावर चढून त्याने पंखा हलवून पाहिला, पातं हाताने फिरवलं आणि तमिळमध्ये निकाल दिला. बेअरिंग संपलंय, कॉइल जळलीय, वरचा रबरसुद्धा गेलाय. पण मशीन जुनं, भक्कम आहे. फेकू नका अम्मा, नव्यासारखं करून देतो.

"नव्यासारखं नको," टीचर घाईने म्हणाल्या. "फिरला म्हणजे झालं. आवाज तेवढा राहू दे, मणी."

मणीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आवाज काढायचा ना अम्मा?"

"काढायचा नाही. ठेवायचा."

मणी स्टुलावरून खाली उतरला. एवढ्या वर्षांत लोकांनी त्याला आवाज घालवायला सांगितलं होतं, उधारी ठेवायला सांगितलं होतं, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. उन्हाने अम्मांना काही झालंय असं धरून त्याने मान हलवली आणि पंखा दुकानात नेला. आणि तिथे आपल्या कसबाला स्मरून त्याने तो उत्तम दुरुस्त केला.

पंखा परत बसला तेव्हा गणेशकुमारही घरी होते. मणीने बटण दाबलं. पंखा फिरू लागला. कसला म्हणून आवाज नाही. अभिमानाने मणीने हात बांधले. टीचर वर बघत उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मणी, आवाज कुठं आहे?"

"गेला अम्मा. आता परत यायचा नाही. गॅरंटी!"

"मी तुला काय सांगितलं होतं?"

गणेशकुमार एकदा मणीकडे, एकदा बायकोकडे बघू लागले. मणी बिचारा पुन्हा वर चढला आणि एक स्क्रू सैल केला. आवाज आला खरा, पण त्यात ना ताल ना तोल. कधी कट्, कधी कटकट, मग बराच वेळ काहीच नाही, आणि एकदम खर्रर्र. "अम्मा, हे असं ठेवलं तर एखाद्या पोराच्या डोक्यावर येईल," म्हणून त्याने स्क्रू पुन्हा आवळला आणि दुखावलेल्या मनाने हत्यारं गोळा केली.

तो गेल्यावर गणेशकुमारांनी विचारलं, "विजी, खरं सांग. तुला आवाज कशाला हवा?"

टीचरांनी रेग्युलेटरकडे बघितलं. दोन, तीन, चार. गणेशकुमारांनीही तिकडे बघितलं. भर उन्हाळ्यात पंखा दोनवर का असतो, यावरून ते वर्षानुवर्षं भांडत आले होते. उलगडा झाला तसे ते हसू लागले. हसता हसता झोपाळ्यावर बसले, पुन्हा उठले, पुन्हा बसले.

"अय्यो! म्हणजे अस्की गल्ली मान डोलवत होती ती पंख्याला!"

हे बोलणं त्यांना महागात पडलं. टीचर त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. ताक डबऱ्यात, म्हणजे छोट्या भांड्यात, भरून समोर यायचं, पण "घ्या" हा शब्द यायचा नाही. हसू ओसरल्यावर गणेशकुमारांना वाईट वाटलं आणि भरपाई म्हणून त्यांनी अभ्यास केला. फोनवर ताल देणारं एक ॲप त्यांनी शोधून आणलं. टीचरांनी ते मुकाट्याने लावलं. पहिलं गीतम् बरं चाललं. दुसऱ्याच्या मध्यावर कुणीतरी कर्ज हवंय का विचारायला फोन केला, आणि लहान मुलांनी रिंगटोन सुरेल वाजवून दाखवला. फोन परत गेला.

मुलं गेल्यावर टीचर हॉलमध्ये एकट्या बसल्या. पंखा वर निमूट फिरत होता. त्यांनी वीणा मांडीवर घेतली आणि लहानपणापासून येणारं वर्णम् सुरू केलं. पहिली ओळ ठीक. दुसरीत त्यांना जाणवलं की आपण पळतोय. थांबल्या, पुन्हा धरलं, पुन्हा पळाल्या. पोरांनाच नव्हे, आपल्यालाही कोण सांभाळत होतं ते त्यांना कळलं. पदराने डोळे टिपून त्यांनी वीणा भिंतीशी टेकवली. बराच वेळ नुसत्या मांडीवर टाळी देत बसल्या. टाळी, करंगळी, तिच्या शेजारचं बोट, मधलं.

दुसऱ्या दिवसापासून क्लासमध्ये वीणांना हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. सगळ्यांनी फक्त टाळी द्यायची आणि तोंडाने स्वर म्हणायचे. मोठी, लहान, वर्णम्‌वाली, सगळी एकाच रांगेत. टीचरही त्यांच्यातच बसत. पंखा मात्र पाचवर, त्यामुळे मुलांची काही तक्रार नव्हती. तक्रार पालकांची होती. अखिलाचे वडील सुब्रमण्यम पापनाशमच्या स्टेशनवर नोकरीला. एक दिवस ते मुलीबरोबर स्वतः आले.

"टीचर, मुलगी वर्णमापर्यंत पोचली होती. घरी टाळ्याच वाजवतेय. शेजारी विचारतात, भजनात घातलं का?"

टीचरांना काहीतरी शास्त्रीय सांगता आलं असतं. त्यांनी तसं तोंड उघडलंही. मग म्हणाल्या, "सार, माझी लय पंख्यावर होती. पंखा दुरुस्त झाला आणि ती गेली. आता आम्ही दोघी बरोबर शिकतोय."

सुब्रमण्यमनी वर पाहिलं, खाली पाहिलं. "म्हणजे पंखा बिघडलेला होता तेव्हा क्लास ठीक होता?"

"होय."

"आणि आता पंखा ठीक आहे."

"होय."

"आमच्याकडेही घड्याळ बदललं तेव्हा गाड्यांचं असंच झालं होतं," असं काहीसं पुटपुटत सुब्रमण्यम खाली बसले, मुलांबरोबर टाळी देऊन पाहिली, दोनदा चुकले आणि मुलीला तिथेच ठेवून परतीची गाडी गाठायला गेले.

पावसाळ्याच्या तोंडाशी वीणा पुन्हा मांडीवर आल्या. मुलं थोडी पळत, टीचर टाळीने त्यांना ओढून धरत, कधी मुलंच टीचरांना धरत. पूर्वीसारखी एकसारखी लय काही आली नाही. पण अखिला एका ओळीवर रेंगाळू लागली, पुढच्या ओळीत नेमकी तालावर येऊ लागली. हे रेंगाळणं टीचरांनी तिला शिकवलं नव्हतं. ओट्यापाशी थांबणारी माणसं आता मान डोलवत नसत, डोकावून बघत.

गणेशकुमारांनी आपला रिमोटवाला पंखा आतल्या खोलीत लावून घेतला. पण दुपारी ते तिथे झोपत नाहीत. टाळी शिकायची म्हणून चटईवर पहिल्या धड्याच्या पोरांत बसतात. त्यांची बोटं करंगळीवरून थेट मधल्यावर उडी मारतात. तंजावरच्या आमच्या घरांतून बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, अजूनही नाही. पण क्लासात टीचर सगळ्या मुलांना नावानेच दटावतात, आणि नियम म्हणजे नियम.

"गणेशकुमार! बोट कुठं चाललं?"

"चुकलं, टीचर," गणेशकुमार म्हणतात, आणि शेजारची सहा वर्षांची मुलगी त्यांचं बोट धरून जागेवर आणून ठेवते.