अक्काच्या गाडीचं तिसरं सिलिंडर

आधीच सांगती, सिद्धेश्वरीअक्का गोड बाई न्हाय. गाडी शिकवताना मला सगळ्या रस्त्यासमोर 'बैल' म्हणली हुती. क्लचवरनं पाय लवकर उचलला की मांडीवर फाटकन चापट. रडकुंडीला आले, पण शिकले. आज माझ्या कडक भाकऱ्या चिंचोळी एमआयडीसीच्या कँटीनात माझ्याच व्हॅनमधनं जात्यात, आन् व्हॅन मीच चालवती. म्हणून अक्काबद्दल कोण वाकडं बोललं की माझं डोस्कं फिरतंय.

नवरा गेला तवा अक्काच्या दारात त्याची जुनी मारुती आठशे उभी हुती. लोक म्हणले, इकून टाक. अक्कानं उलट डाव्या बाजूला शिकवणाऱ्याच्या पायात जादा क्लच-ब्रेक बसवून घेतले आन् जुळे सोलापुरात बायकांना गाडी शिकवायचा क्लास काढला. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं दात काढले, "आता दोघी मिळून खांबावर घालत्याल." अक्का खिडकीतनं म्हणली, "खांब तुझ्या बापाचा हाय का?" त्या गाडीवर नर्सा शिकल्या, मास्तरणी शिकल्या, विड्या वळणाऱ्या बायकांच्या पोरी शिकल्या. पानवाल्याची सूनबी तिथंच शिकली.

यंदा दिवाळीच्या तोंडावर ती गाडी मिसिंग मारायला लागली. उभी असली की थडथड हलायची. आसरा पुलाच्या चढावर तर दमच न्हाय, हुंदके देतच वर जायची. शिकणारी पोरगी घाबरून मधीच ब्रेक मारायची आन् मागनं हॉर्नचा कालवा. त्यात गाडीच्या कागदांची मुदत संपत आलेली, त्याच महिन्यात आरटीओत पासिंगला न्यायची हुती. पास झाली तर पुढं रस्त्यावर, न्हाय तर क्लास बंद.

अक्काचा पोरगा ऋतुराज पुण्यात बँकेत हाय. पोरगा वाईट न्हाय, उगं कशाला खोटं बोलू. पण त्यानं पुण्यातनंच भंगारवाला ठरवला, शनिवारी गाडी न्यायला येणार म्हणून. मग आईला फोन.

"आई, आता बस झालं. घर भाड्यानं देऊ, तू आमच्याकडं ये. किती दिवस लोकांच्या शिव्या खात रस्त्यावर फिरणार?"

"शिव्या मी देती रे, खात न्हाय," अक्का म्हणली. "ऐक. गाडी पास झाली तर मी हितंच. न्हाय झाली तर गुमान तुझ्या गाडीत बसून पुण्याला येती, परत तोंड उघडणार न्हाय."

मी तिथंच बसले हुते. अक्का आन् तोंड उघडणार न्हाय! पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर ही बाई दुसऱ्याच्या हातचा चहा पीत बसलीय, हे काय मला बघवंना.

विजापूर रोडला मल्लिनाथचं गॅरेज हाय. अक्काची गाडी पहिल्यापासनं त्याच्याकडंच. त्यानं प्लग नवे टाकले, कार्बोरेटर धुतला, तरी थडथड हायच. शेवटी हात पुसत म्हणला, "अक्का, जुनं झालंय. कॉम्प्रेशन गेलं, इंजिनात दाबच न्हाय राहिला. इंजिन उतरवायचं म्हणलं तर महिना जाईल. दे सोडून आता."

"कॉम्प्रेशन गेलं ते मोजलंस का मनानंच म्हणायलास?"

"आवाजावरनं कळतंय की."

"मला न्हाय कळत. गेज लाव."

"अगं अक्का..."

"मल्ल्या, गेज लाव. न्हाय तर मी हितनं हलत न्हाय." आन् खरंच त्याच्या टायरांच्या ढिगावर ती पदर खोचून बसली. मी भाकरीचा डबा घेऊन गेले हुते, तो तिथंच उघडला. गिऱ्हाइकं येत हुती, बघून जात हुती. मल्लिनाथ लाजेनं लाल झाला, पण गेज लावला. तिन्ही सिलिंडरांचं प्रेशर सारखंच आन् चांगलं निघालं. इंजिन ठणठणीत हुतं.

"आता बोल," अक्का म्हणली.

मग त्यानं गाडी चालू ठेवून, रबरी मुठीचा चिमटा घेऊन प्लगच्या वायरी एकेक करून काढायला सुरुवात केली. पहिली काढली, इंजिन मरायलाच आलं. परत लावली, सावरलं. दुसरीचं तसंच. तिसरी काढली, तर काहीच फरक न्हाय. आधी जसं थडथडत हुतं तसंच थडथडत राहिलं. म्हणजे तिसरं सिलिंडर मुळात पेटतच नव्हतं, दोघांच्या जिवावर गाडी चालली हुती. दुसऱ्याचा प्लग काढून तिसऱ्यात घातला, तरी तिसरंच मेलेलं. प्लगचा दोष नव्हता तर. करंटच पोचत नव्हता.

"वायर धरून माग काढ," अक्का म्हणली. आता ती ढिगावरनं उतरून बॉनेटमधी डोकं घालून हुती.

वायर डेल्कोपाशी जाती. डेल्को म्हणजे सगळ्या सिलिंडरांना पाळीपाळीनं करंट वाटणारी डबी, तिच्यावर काळी टोपी असती. मल्लिनाथनं टोपीतनं तिसरी वायर उपसली तर ती चिकटून बसलेली, हिसका मारून काढावी लागली. आतलं पितळ हिरवं पडलेलं. टोपी उलटी केली तर आत केसाएवढी काळी रेघ जळत गेलेली. करंट प्लगाकडं जायचा सोडून त्या रेघेवरनंच पळून जात हुता.

"अक्का, हितं काय सांडलंय? गोडसर चिकट हाय." मल्लिनाथनं वायरीच्या बुडातनं नखानं काहीतरी ओढलं. नारळाची शेंडी! तिला वाळलेलं कुंकू आन् अक्षतेचा एक दाणा.

अक्कानं ती शेंडी तळहातावर घेऊन उजेडात धरली.

आमच्या घरात खंडेनवमी न्हाय, पण अक्काच्या गाडीच्या पूजेचं खोबरं मी दरवर्षी खाती. ती नारळ चाकापुढं फोडती, पाणी चाकावर, झालं. यंदा ऋतुराज आला हुता. "तू बस आई, मी करतो," म्हणला. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनालाबी कुंकू लावलं, आन् नारळ फोडून सगळं पाणी वरनं इंजिनावर ओतलं. लई भक्तीनं. मीच म्हणले हुते, पोरगं किती गुणाचं.

मल्लिनाथनं नवी टोपी आन् नवी वायर आणून बसवली. चावी फिरवली तर तिन्ही सिलिंडर एका सुरात. अक्कानं मला शेजारी घेऊन गाडी आसरा पुलावर घातली आन् तिसऱ्या गिअरात वर काढली. मी काय सांगू, मला वरडावंसं वाटलं, आन् मी वरडलेच.

शुक्रवारी गाडी पास झाली. शनिवारी ऋतुराज आला. भंगारवाला दारात येऊन अक्काच्या तोंडचं ऐकून नुकताच गेला हुता. अक्कानं पोराच्या हातात ती जळकी टोपी दिली आन् सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"आई, शप्पथ, मी चांगल्या मनानं केलं गं."

"चांगल्याच मनानं केलंस की," अक्का म्हणली. आवाज चढला न्हाय तिचा. "पाणी ओतलंस तेबी चांगल्या मनानं, भंगारवाला धाडलास तेबी चांगल्या मनानं. एकदा तरी मला इचारायचं हुतंस, राजा."

तो टोपी हातात फिरवत राहिला. तेवढ्यात पायल आली, अक्काकडं नवीन शिकायला लागलेली पोरगी, क्लासची येळ झाली हुती. ती स्टेरिंगवर बसली. ऋतुराजनं डोळे पुसले, म्हणला, "थांब, मी पण येतो," आन् पुढचं डावं दार उघडायला लागला.

अक्कानं त्याचा हात दारावरनं काढला.

"ती माझी जागा हाय," ती म्हणली. "मागं बस."