तिसरा कप

आज नात आफ्रिकेचा नकाशा रंगवत बसली होती. रीम आयलंडवरच्या आमच्या या उंच इमारतीत कुणीतरी कॉफीचे दाणे भाजायला घेतले, आणि तो वास नाकात शिरताच मी पार मागे गेलो.

तेव्हा मी इथेच आखातात, अल क्वोजला वेल्डर होतो. बायको पहिल्यांदाच व्हिजिट व्हिसावर आली होती. आमच्या शेजारच्या खोलीत इथिओपियाची एक बाई राहायची. तिने आम्हाला कॉफीला बोलावलं. आमच्यासमोरच दाणे भाजले, कुटले, मातीच्या सुरईत उकळले. खोलीभर धूर.

आमची ही मुरुडची. मोडक्या हिंदीत तिला म्हणाली, "हमारे गाव के समुंदर में तुम्हारे लोगों का किल्ला है. जंजिरा. सिद्दी लोग तुम्हारे उधर से ही आया."

बाई हसली. "इतना दूर?"

"दूर किधर? बीच में खाली पानी है."

मी चौथी शिकलेला. आफ्रिका म्हणजे जगाचं दुसरं टोक, एवढंच मला ठाऊक. हिने ते टोक उचलून शेजारी आणून ठेवलं.

दोन कप झाले. मी कंटाळलो. म्हटलं, "यल्ला, ऊठ आता."

"गप बसा हो. तिसरा कप आशीर्वादाचा असतो, म्हणतेय ती. मधेच उठलं तर त्यांना अपमान वाटतो."

बसलो मुकाट.

मला बसवून ठेवणारी ही गेल्या वर्षी स्वतःच या जगातून मधेच उठून गेली. हा अपमान नाही तर काय?