राजाला अग्नी देणारे

एका मोठ्या राजाला शत्रूने हालहाल करून मारलं आणि देहाचे तुकडे नदीकाठी फेकले. हात लावील त्याला मरण, म्हणून कुणी पुढे येईना. शेवटी गावकुसाबाहेरच्या आपल्यातल्याच एकाने ते गोळा करून अग्नी दिला. ही गोष्ट बा मला छाती फुगवून सांगायचा.

आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या वर्षी कर्जतजवळच्या आमच्या गावातले पाटील वारले. गावच्या मयताची लाकडं वाहायचं काम आमच्या लोकांनी धर्मांतरानंतर सोडलं होतं. तरी पाटलांचा थोरला मुलगा आमच्या दारात आला.

“अरं, तुमी तर राजाला अग्नी दिला. मग माझ्या बापाची लाकडं न्यायला कसला कमीपना?”

बा म्हणाला, “राजाला कोनी नव्हतं, म्हून आमी पुढं झालो. तुमच्या बापाला चार पोरं हायत.”

लाकडं त्या भावांनीच गाडीत घालून नेली. धूर आमच्या अंगणातून दिसत होता. मी बाला राजाची गोष्ट सांग म्हटलं.

“नको गं ती,” एवढंच तो बोलला. नंतर कधीच त्याने ती सांगितली नाही. अभिमानाने सांगावी अशी आमच्याकडे ती एकच गोष्ट होती. तीही त्यांनी वेठीला धरली.