पोरीले येत होता तो नंबर

माह्या पोरीले बोलता येत नाई, म्हंजे येते पन चार-दोन शब्दच, सहा वर्साची झाली तरी. माय म्हनते, पानी म्हनते. आन एक नंबर म्हने, घरच्या लँडलाइनचा. कोनी शिकवला नाई तिले. माह्या सासऱ्यायचा, आमी मामाजी म्हनतो, राजापेठेत फुलायचा धंदा हाय, हारायच्या ऑर्डरी त्याच फोनवर येतात, आन मामाजी गिऱ्हाइकाले कोडसकट नंबर सांगतात तं गान्यासारखा सांगतात, शेवटचं सात सात लांब वढून. त्याइच्या मांडीवर बसून आयकता आयकता पोरगी शिकली. पयल्यांदा तिनं पुरा म्हटला तवा माही भाकर तव्यावर जळली. मले वाटलं, आता हे हरपली तरी घरी येईन.

मंग दिराले नेट पायजे होतं. नव्या कंपनीचा मानूस आला, म्हने, "नंबर तोच राईन मामा, आमी इकडं घेतो. फक्त जुनी लाइन तुमी सोता बंद करू नका, नाई तं नंबर जाईन." दिरानं हो म्हटलं. मामाजी हार ओवत होते, अर्धं आयकलं असन. दुसऱ्या दिवशी जुन्या हापिसात जाऊन लाइन बंद करायचा अर्ज देऊन आले. एका घरात दोन लाइनी कायले, असं वाटलं त्याइले. सांगितलं कोनाले नाई. फोन मुका झाला, मी इचारलं तं म्हने, "नवा लागून रायला ना बाई, दम धर."

त्याच आठवड्यात माही माय अकोल्याले आंगनात पडली, म्हनून मी पोरीले घेऊन निंगाली. अकोल्याच्या स्टँडवर उतरली, पिशवी खाली ठेवली, पान्याची बाटली काढली, वर पायलं तं पोरगी नाई.

मी बोंबलत फिरली. स्टँडच्या भोंग्यावर सांगितलं, पोलिसाले सांगितलं. एक मानूस तोंडावर म्हने, "मोबाइलात पाहत असशीन." मी भांडली बी नाई त्याच्यासंग. मी मनात एकच म्हनून रायली होती, नंबर सांग वो बाई, कोनाले तरी नंबर सांग. जावेले फोन लावला, "घरचा फोन वाजला का वो?"

जाऊ म्हने, "तो कुठचा वाजते? बंद नाई का तो."

माह्या टकुऱ्यातून गेलंच होतं ते. मंग मामाजीनं तिच्या हातातून फोन घेतला. म्हने, "बाई, म्या तं तो नंबर बंदच करून टाकला. अर्ज देल्ला म्या."

मी फोन कापला आन पुन्हा एकेका दुकानात इचारत निंगाली.

पोरगी भेटली दिवस बुडता बुडता, स्टँडच्या मांगं एका केळेवालीपाशी. हातात केळं होतं, सोललं बी नोतं. केळेवाली म्हने, "कुठी होती वो तू? कवाची हे नंबर सांगून रायली. म्या लावला तं फोनमदली बाई म्हने हा नंबर हायच नाई. म्या म्हटलं बेटा, चुकून रायली, नीट सांग. तं पुन्हा तोच. चौघायनं लावून पायला, सारे चुकीचाच हाय म्हनत. मंग चूपच बसली बिचारी."

पुढं मामाजीनं हापिसात चकरा मारल्या, काउंटरवर हात जोडले, दिरानं अर्ज केले, आन नंबर भेटला. आता नव्या कंपनीच्या डब्यावर तोच नंबर वाजते. गिऱ्हाइकं खूश हायत.

पोरगी म्हनत नाई तो आता. मी तिच्या साऱ्या फ्रॉकायले आतून माहा मोबाइल नंबर शिवला, तरी दारात गाडी वाजली का मी हातातलं टाकून तिले पाहाले पयते, आन त्या दिवशी स्टँडवरूनच घरी परतली ते मायले पाहाले अजून जाऊ शकली नाई मी.

संध्याकाळी मामाजी तिले मांडीवर घेतात, हार ओवता ओवता नंबर म्हनतात, शेवटचं सात सात सोडून देतात, आन तिच्या तोंडाकडं पायतात. ती शेवंतीच्या पाकळ्या तोडत बसते. मी चुलीपासून कान देऊन आयकते. काल त्याइनं पुन्हा पुन्हा म्हटला. तेवढ्यात फोन खराच वाजला, कोनाले तरी हार पायजे होते, आन पोरगी मांडीवरून उतरून आत पयाली, माह्या मांगं लपली, दोनी हात कानावर ठेवून.