शीर्षकाखालची ओळ

चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीला शिकवत होते. पोरं काहीही एकाच सुरात वाचायची. कविता असो की पाण्याच्या साठवणीचा धडा. शीर्षक, चित्राखालची ओळ, चौकटीतली सूचना, अगदी पानाचा आकडासुद्धा त्याच चालीत. माझं डोकं फिरायचं. "अरे, आरती म्हणताय का?" असं मी रोज खेकसायचे.

शेवटी पुस्तक बाजूला ठेवलं आणि घरातले छापील कागद आणायला लावले. बिस्किटांचे पुडे आले, सरकीच्या बियाण्याच्या पिशव्या आल्या, कुणी पंख्याच्या खोक्यातलं माहितीपत्रक आणलं. सगळं वाचायचं नाही, असा नियम केला. आधी ठळक अक्षरं बघायची, पाहिजे ते शीर्षक शोधायचं आणि फक्त त्याच्याखाली वाचायचं. पोरांना हा खेळ फार आवडला.

एक पोरगी यात सगळ्यांच्या पुढे होती. किडकिडीत, आवाज बारीक, पण बोट कागदावर असं पळायचं की मी प्रश्न पुरा करायच्या आत "सापडलं मॅडम!" म्हणायची. मला तिचं भारी कौतुक होतं.

ती वर्षं वाईट होती. बोंडअळी हटत नव्हती, म्हणून कृषी केंद्रवाला सांगेल ती दोन-तीन औषधं लोक एकत्र करून फवारत. बाया ड्रममध्ये औषध कालवायच्या, तेही उघड्या हातानं, कोपरापर्यंत. बुडाशी बसलेली पावडर हातालाच कळते म्हणायच्या. पालकसभेत मी तावातावानं बोलले, निदान काठीनं तरी ढवळा म्हटलं, तर एक बाई हसून म्हणाली, "मॅडम, पीठ का काडीनं मळतो आमी?"

पोळ्यानंतरच्या एका दुपारी त्या पोरीचा बाप ऑटो घेऊन शाळेच्या फाटकात आला. त्याच्या बायकोला वावरातच उलट्या सुरू झाल्या होत्या. मी पोरीला घेऊन त्यांच्याच ऑटोत बसले. तिची माय बापाच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती, तोंडातून लाळ गळत होती. "हातानंच घोटलं ना तिनं," बाप एवढंच म्हणत राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावता लावताच विचारलं, "कोणतं औषध होतं? कागद आणलाय का?" बापानं खिशातून बाटलीच्या खोक्यातला कागद काढून माझ्या हातात दिला. मुंगीएवढी अक्षरं, आणि माझा चष्मा शाळेत टेबलावर! पोरीनं तो माझ्या हातातून ओढला आणि फरशीवर पसरला.

तिनं वरून वाचायला सुरुवात केली नाही. इंग्रजी सोडली, हिंदी सोडली, मराठीवर आली. बोट ठळक अक्षरांवरून खाली सरकत गेलं. वापरण्याची पद्धत. साठवण. विषबाधेची लक्षणं. मग बोट थांबलं. "सापडलं मॅडम! विषावर उतारा!" तिचा चेहरा असा उजळला की मलाही वाटलं, झालं, आता ही बाई उठून बसते.

"खाली काय आहे, वाच बेटा," डॉक्टर म्हणाले.

तिनं शब्द शब्द नीट वाचला. "यावर निश्चित उतारा उपलब्ध नाही. लक्षणांनुसार उपचार करावेत." तिनं कागद उलटा करून मागे पाहिलं. पुन्हा सुलटा केला.

डॉक्टरांनी हातात होतं ते सगळं केलं, मग अमरावतीला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिची माय गेली.

तेरवीनंतर पोरगी शाळेत आली. मधल्या सुट्टीत पोरं बाहेर गेली, पण ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, कागद छापनाऱ्याईले मालूम होतं ना, उतारा नाही म्हनून?"

"हो बेटा. माहीत होतं."

"मंग बाटली इकली काहून?"

मला कंपनीचा संताप आला, दुकानदाराचा आला, सरकारचाही आला. पण तो या एवढ्याशा पोरीसमोर काढून काय उपयोग होता? मी तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, "मला नाही माहीत."

तिनं माझ्या कुशीतून मान वर केली. मग हळूच म्हणाली, "मंग कोनाले इचारू?"